नोकरी सांभाळून एमबीए: आधी घड्याळ, मग कॉलेज

सव्वापाचला महापेच्या ऑफिसातून निघायचं, शेअर रिक्षाने घणसोली स्टेशन गाठायचं, ट्रान्स-हार्बरने ठाणे, ठाण्याला पूल चढून सीएसएमटी फास्ट, दादरला उतरून तरातरा चालत वर्ग. वर्ग साडेसहाचा, मी पोचायचे पावणेसातला. तीन वर्षांच्या अर्धवेळ अभ्यासक्रमात जवळजवळ प्रत्येक लेक्चरची पहिली पंधरा मिनिटं मी बाकावरच्या शेजारणीच्या वहीतून उतरवून घेतली आहेत. पदवी मिळाली, पुढे बढतीही मिळाली, पण आजही कोणी ‘नेट प्रेझेंट व्हॅल्यू’ (पुढे मिळणाऱ्या पैशाची आजची किंमत) म्हटलं की मला आधी ठाण्याचा पूल आठवतो.

नोकरी करता करता मॅनेजमेंटची पदव्युत्तर पदवी घ्यायची असं मनात आलेले बरेच जण मला भेटतात. सगळ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: कुठलं कॉलेज चांगलं? मी उलट विचारते, ऑफिसातून कितीला सुटतोस? माझ्या वर्गात गळाले ते गणितात कच्चे होते म्हणून गळाले नाहीत. आठवड्यातून तीन वेळा साडेसहाला पोचणं त्यांना जमेना. म्हणून या लेखात कॉलेजांची उतरंड नाही. ज्या क्रमाने कामं करायला हवी होती असं मला आता वाटतं, त्या क्रमाने लिहिलं आहे.

पायरी १: रंगीत तालीम

अर्ज भरायच्या आधी चार आठवडे ही तालीम करा. आठवड्यातले तीन दिवस ठरवा आणि वर्गाला जायचंच आहे असं समजून त्या वेळेला ऑफिसातून उठा. ज्या भागात कॉलेज आहे तिथे खरोखर जा. वाचनालय असेल तर उत्तम, नाहीतर उडप्याच्या हॉटेलात कोपऱ्यातलं टेबल धरा, आणि साडेनऊपर्यंत अकाउंट्सचं एखादं प्राथमिक पुस्तक घेऊन बसा. मग घरी. शनिवारी सकाळचे चार तासही असेच बाजूला काढा. रोज वहीत तीन गोष्टी टिपा: निघालो कितीला, पोचलो कितीला, मध्ये ऑफिसचे फोन किती आले.

संध्याकाळच्या बारा खेपांपैकी नऊ-दहा जमल्या तर पुढे वाचा. पाच-सहाच जमल्या तर तुम्हाला संध्याकाळचा वर्ग झेपणार नाही, दुसरा प्रकार शोधावा लागेल, आणि ते आत्ता फुकटात कळलं. माझ्या वर्गातल्या एका औषध कंपनीच्या एरिया मॅनेजरला तेच पहिल्या वर्षाची फी भरून कळलं. महिन्यातले बारा दिवस तो नगर-सोलापूरच्या दौऱ्यावर असायचा. हजेरी ७५ टक्के लागते आणि दौऱ्याचं कारण तिथे चालत नाही.

तासांची बेरीजही एकदा कागदावर करा. तीन संध्याकाळी तीन-तीन तास म्हणजे नऊ. शनिवारचे चार. वाचन आणि असाइनमेंट मिळून आठ. जादा प्रवासाचे पाच. झाले सव्वीस. आठवड्याला तीन दिवसांची जादा नोकरी, तीही बिनपगारी, वर फी आपणच भरायची.

ऑनलाइन अभ्यासक्रम घेणार असाल तर ही तालीम घरात करा. चार शनिवार, सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच, दार लावून. पाहुणे, गॅस सिलेंडर, सोसायटीची मीटिंग यातलं काय काय दार ठोठावतं ते बघा. रेकॉर्डिंग नंतर बघू म्हणणाऱ्यांच्या रेकॉर्डिंगचा ढीग सत्र संपेपर्यंत चाळीस तासांवर जातो. हे मी सांगतेय ते माझ्या दिराच्या लॅपटॉपवर पाहून.

पायरी २: आपला प्रकार ओळखा

बाजारात सगळ्यालाच ‘एक्झिक्युटिव्ह एमबीए’ म्हणायची पद्धत पडली आहे, आणि पहिला घोळ तिथेच होतो. अहमदाबादच्या आयआयएमचा पीजीपीएक्स, कोलकात्याच्या आयआयएमचा एमबीएईएक्स (आधीचा पीजीपीईएक्स) हे अनुभवी लोकांसाठी आहेत खरे, पण ते एक वर्षाचे, पूर्णवेळ, निवासी. तिथे नोकरी सोडूनच जावं लागतं. उलट बंगळूरच्या आयआयएमचा पीजीपीईएम दोन वर्षांचा, वीकएन्डचा, नोकरी चालू ठेवून करायचा. नावात फरक दोन-तीन अक्षरांचा, आयुष्यात फरक राजीनाम्याचा. माहितीपत्रक उघडलं की आधी हीच ओळ शोधा: पूर्णवेळ की अर्धवेळ, निवासी की ये-जा करून.

मुंबईत एक जुनी वाट आहे, ती मला अजूनही सर्वांत आवडते: विद्यापीठाच्या तीन वर्षांच्या अर्धवेळ मास्टर्स पदव्या. मार्केटिंगवाल्यांना एमएमएम, फायनान्सवाल्यांना एमएफएम, मनुष्यबळवाल्यांना एमएचआरडीएम, माहिती-तंत्रज्ञानवाल्यांना एमआयएम. चर्चगेटचं जमनालाल बजाज हे यातलं सगळ्यांच्या तोंडी असलेलं नाव. ते १९६५ साली स्टॅनफर्डच्या बिझनेस स्कूलच्या सहकार्याने सुरू झालं. मुंबईतल्या इतरही काही संस्थांत हे अभ्यासक्रम चालत आलेले आहेत. दर वर्षी कुठे प्रवेश खुले आहेत ते त्या त्या संस्थेच्या सूचनेत बघावं. फी तुलनेने हलकी, शिकवायला बऱ्याचदा कंपन्यांतले मुरलेले लोक, आणि बाकावर बँकवाला, जाहिरातवाला, गोदीतला अधिकारी असे सगळे एका रांगेत. एक अडचण मात्र सांगून ठेवते. या पदव्यांवर ‘एमबीए’ ही तीन अक्षरं नसतात. मुंबईतल्या एचआरला ‘एमएमएम’ म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. गुडगावच्या एचआरला सांगावं लागतं, आणि काही कंपन्यांच्या ऑनलाइन अर्जात तर तो पर्यायच नसतो. शिवाय शाखा प्रवेशाच्या वेळीच ठरते. तीन वर्षांनी फायनान्समधून मार्केटिंगला जाऊ, असा विचार असेल तर इथे येऊ नका.

दुसरा प्रकार वीकएन्डच्या एक्झिक्युटिव्ह एमबीएचा. शनिवार-रविवार वर्ग, कधी महिन्यातून एक लांबलचक सत्र. आयआयटी, आयआयएम, खासगी अभिमत विद्यापीठं सगळी यात आहेत. फी जड. ज्यांची ऑफिसं चाकण, तळोजा किंवा सिन्नरला आहेत आणि संध्याकाळी शहरात पोचणं ज्यांना केवळ अशक्य आहे, त्यांना हाच बरा.

तिसरा मुक्त विद्यापीठांचा. इग्नू १९८५ पासून आहे, नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून. फिरत्या पाळीत काम करणाऱ्या शॉपफ्लोअरच्या मॅनेजरला, रत्नागिरीच्या किंवा लातूरच्या बँक शाखेत बसलेल्या अधिकाऱ्याला दुसरं काही परवडतच नाही, वेळेनेही आणि पैशानेही. इग्नूचा एमबीए अजून लाखाच्या आत होतो. पुस्तकं चांगली असतात, हे फारसं कोणी सांगत नाही. मात्र इथे पाठीमागे लागणारं कोणी नाही. असाइनमेंट आपणच लिहायची, आपणच वेळेत पोचवायची. वर्गातल्या ओळखी होत नाहीत ती खरी किंमत.

चौथा, विद्यापीठांच्या पूर्ण ऑनलाइन पदव्या. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसीच्या) २०२० च्या नियमांनंतर यांचं पेव फुटलं. चांगल्याही आहेत, पण पुढची पायरी वाचल्याशिवाय फॉर्म भरू नका.

पायरी ३: शेवटी हातात कुठला कागद येणार?

फोनवरच्या गोड आवाजाच्या काउन्सेलरला हा एकच प्रश्न विचारा आणि उत्तर ई-मेलवर मागा: शेवटी मला पदवी मिळणार, पदविका की प्रमाणपत्र, आणि त्यावर सही कोणत्या विद्यापीठाची?

पदवी द्यायचा अधिकार विद्यापीठाला असतो, किंवा संसदेने तसा कायदा केलेल्या संस्थेला. आयआयएमसुद्धा कितीतरी वर्षं पदविकाच देत होत्या. २०१७ चा आयआयएम कायदा जानेवारी २०१८ मध्ये लागू झाला, तेव्हा त्यांना पदवी देता येऊ लागली. मुंबईची नीटी ही संस्था २०२३ मध्ये आयआयएम मुंबई झाली ती याच कायद्यात दुरुस्ती होऊन. स्वतंत्र संस्था पीजीडीएम देतात. ती पदविका आहे, तिला अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची (एआयसीटीईची) मान्यता लागते. चांगल्या संस्थेची पीजीडीएम खासगी नोकरीत एमबीएच्या बरोबरीने चालते. पण पुढे पीएच.डी. करायची असेल किंवा सरकारी खात्यात, सार्वजनिक उपक्रमात बढतीसाठी दाखवायची असेल तर असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीजची समकक्षता आहे का ते आधी तपासा.

आणि मग प्रमाणपत्रं. नामांकित संस्थेचं नाव, सहा ते बारा महिने, रविवारी सकाळी ऑनलाइन, शेवटी दोन दिवस कॅम्पसवर फोटो. शिकायला हरकत काहीच नाही. माझ्याच कंपनीतल्या एकाने सप्लाय चेनचं असं प्रमाणपत्र घेतलं, त्याला उपयोग झाला. पण ते पदव्युत्तर शिक्षण नव्हे. नोकरीच्या अर्जात ‘पदव्युत्तर पदवी’ या रकान्यात ते भरलं आणि पार्श्वभूमी तपासणीत निघालं, तर हातची नोकरी जाते. ओळखायची एक सोपी खूण फीच्या पावतीत सापडते. मान्यताप्राप्त पदवीच्या फीवर जीएसटी लागत नाही, अशा प्रमाणपत्रांवर १८ टक्के लागतो. कोटेशनमध्ये ‘अधिक जीएसटी’ दिसलं की पुन्हा विचारा.

ऑनलाइन किंवा दूरस्थ पदवी असेल तर यूजीसीच्या दूरशिक्षण मंडळाच्या संकेतस्थळावर तीन गोष्टी जुळवा: विद्यापीठाचं नाव, नेमका अभ्यासक्रम, आणि आपण प्रवेश घेतोय ते वर्ष. मान्यता अभ्यासक्रमागणिक असते. एखाद्या विद्यापीठाचा बी.कॉम. यादीत आहे म्हणून एमबीएही असेल असं नाही. यादीतल्या संस्थेची ऑनलाइन आणि दूरस्थ पदवी नेहमीच्या पदवीच्या समकक्ष धरली जाईल, हे यूजीसीने २०२२ च्या सप्टेंबरात स्पष्ट केलं आहे. त्यामुळे ‘ऑनलाइन एमबीएला किंमत नाही’ असं सरसकट म्हणणाऱ्या मामांना ते दाखवता येईल. हल्ली या प्रवेशांसाठी त्या मंडळाचा ओळख क्रमांक, म्हणजे डीईबी आयडी, काढावा लागतो, आणि तो काढायला शैक्षणिक क्रेडिट बँकेचं खातं लागतं. दोन्ही स्वतः काढा, एजंटाच्या मोबाइल नंबरवर नको. विद्यापीठाला पदवी दुसऱ्या कंपनीकडे फ्रँचायझी म्हणून देता येत नाही. एडटेक (ऑनलाइन शिक्षण विकणाऱ्या) कंपन्यांशी असे करार करू नका, अशी ताकीद यूजीसी आणि एआयसीटीई या दोघांनी जानेवारी २०२२ मध्ये दिली होती. फी कोणाच्या खात्यात जाते ते म्हणूनच बघायचं. विद्यापीठाच्या खात्यात गेली पाहिजे.

पायरी ४: साहेब, एचआर आणि घर

हे संभाषण प्रवेश मिळाल्यावर करतात. ते अर्ज करण्याआधी करा.

बऱ्याच संस्था नियोक्त्याचं ना-हरकत पत्र मागतात. एचआरचं ठरलेलं उत्तर असतं, ‘आमची काही हरकत नाही, पण लिहून नाही देणार.’ यावर उपाय एकच: मसुदा आपण तयार करून न्यायचा. तीन वाक्यं पुरतात. अमुक तारखेपासून अमुक पदावर काम करतात. अमुक अभ्यासक्रमाला प्रवेश घेण्यास कंपनीची हरकत नाही. वर्गाच्या दिवशी अमुक वाजता निघण्याची आणि परीक्षेच्या काळात रजा घेण्याची मुभा राहील. तिसरं वाक्य एचआर खोडतं. खोडू दे, दोनांवर सही घ्या. मात्र ती मुभा साहेबाकडून साध्या ई-मेलवर घेऊन ठेवा, कारण दीड वर्षाने साहेब बदलतो.

कंपनी फी देत असेल तर आनंदाने घ्या, पण बाँड नीट वाचा. दोन किंवा तीन वर्षं नोकरी सोडायची नाही, सोडली तर रक्कम परत. ही मुदत प्रवेशापासून मोजतात की निकालापासून, यावर सगळं अवलंबून आहे. निकालापासून असेल तर तीन वर्षं शिक्षण आणि वर तीन, म्हणजे सहा वर्षं एकाच खुर्चीत. वर्ष भरलं की परतफेडीची रक्कम त्या प्रमाणात कमी होते का, तेही विचारा.

घराबद्दल फार लिहीत नाही, प्रत्येकाचं वेगळं. एवढंच, की ‘मी सांभाळून घेईन’ असं नवऱ्याने किंवा बायकोने म्हणणं पुरेसं नसतं. मंगळवारी मुलाला क्लासमधून कोण आणणार, सासूबाईंच्या तपासणीला कोण जाणार, हे फ्रिजवर लिहिलेलं असावं. आमच्या फ्रिजवर तीन वर्षं तो कागद होता. पहिल्या सत्रात त्यावर माझं नाव सहा ठिकाणी होतं, शेवटच्या सत्रात दोन. पोळ्यांची बाई लावली तो निर्णय मी दीड वर्ष उशिरा घेतला, त्याची हळहळ अजून वाटते.

पायरी ५: पैशाचा हिशेब

फी काही हजारांपासून पंचवीस लाखांच्या पुढेही जाते, त्यामुळे ‘परवडेल का’ हा प्रश्न नुसता विचारून चालत नाही. कॉलेजमध्ये जे शिकवतात तेच आधी या निर्णयावर वापरून बघा. समजा तीन वर्षांची फी चार लाख, प्रवास, पुस्तकं, बाहेरचं खाणं मिळून साठ हजार. त्यानंतर पगारात, केवळ या पदवीमुळे, महिना सहा हजार वाढ होईल असं धरा. कर जाऊन हातात समजा पाच हजार, वर्षाला साठ हजार. चार लाख साठ हजार वसूल व्हायला जवळजवळ आठ वर्षं, व्याज न धरता. वय बत्तीस असेल तर ठीक. वय अठ्ठेचाळीस असेल आणि फी वीस लाख असेल तर हे गणित जमत नाही, मग कारण दुसरं असलं पाहिजे, आणि ते स्वतःला माहीत असलं पाहिजे. वाढ ‘केवळ या पदवीमुळे’ किती, हा आकडा प्रामाणिकपणे धरा. नेहमीची वार्षिक वाढ त्यात घुसडू नका.

कर्ज घेतलं तर बँकेच्या शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर प्राप्तिकरात वजावट मिळते, रकमेची मर्यादा नाही, परतफेड सुरू झाल्यापासून जास्तीत जास्त आठ वर्षं. पण ती जुनी करप्रणाली निवडली तरच. नवीन प्रणालीत नाही. एडटेकवाले ‘बिनव्याजी हप्ते’ म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा ते तुमच्या नावावर वित्तकंपनीचं कर्ज असतं. अभ्यासक्रम सोडलात तरी हप्ता चालूच राहतो आणि चुकला की सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवर, डाग. फी परतीचा नियम आणि कर्ज रद्द करायचा नियम हे दोन वेगळे कागद आहेत, दोन्ही मागून घ्या.

पायरी ६: कागदपत्रं, परीक्षा, मुलाखत

राज्य सीईटी कक्षाची एमबीए सीईटी पूर्णवेळ प्रवेशांसाठी असते. अर्धवेळसाठी बहुतेक संस्था स्वतःची चाचणी, गटचर्चा किंवा थेट मुलाखत घेतात. मोठ्या संस्थांच्या एक्झिक्युटिव्ह अभ्यासक्रमांना कॅट किंवा जीमॅट ही प्रवेश परीक्षा चालते. कॅट वर्षातून एकदा, नोव्हेंबरात, आणि गुण एका वर्षापुरतेच. जीमॅट वर्षभर केव्हाही देता येते आणि गुण पाच वर्षं चालतात. नोव्हेंबर २०२३ पासून तिचं स्वरूप बदललं: सव्वादोन तास, तीन विभाग, गुण २०५ ते ८०५. जुन्या ८०० गुणांच्या पुस्तकांवर तयारी करू नका. नोकरदाराला जीमॅट सोयीची, फक्त महाग.

कागदपत्रांत अनुभवाचा पुरावा महत्त्वाचा. किमान दोन-तीन वर्षांचा पूर्णवेळ अनुभव बहुतेक ठिकाणी लागतो, आणि तो पदवीनंतरचा. नेमणूकपत्र, पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६, पीएफचं पासबुक असं सगळं एका फाइलला लावा. जुनी कंपनी बंद पडली असेल तर पीएफच कामाला येतो. दुसऱ्या विद्यापीठाचे असाल तर स्थलांतर प्रमाणपत्र आणि पात्रतेचं काम आधी सुरू करा, ते रखडतं.

बायकांसाठी खास: गुणपत्रिकेवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, पॅनवर तिसरंच. माझा अर्ज याच कारणाने एका खिडकीवरून दोनदा परत आला. दुसऱ्या खेपेला खिडकीतल्या बाईंनी विवाह नोंदणीच्या दाखल्यावरचं एक अक्षर दाखवलं, ‘रेश्मे’च्या जागी ‘रेशमे’. त्या दिवशीची रजा फुकट. विवाह दाखला, राजपत्रातली नावबदलाची प्रत असेल तर ती, आणि साधं प्रतिज्ञापत्र, तिन्ही आधीच घेऊन जा, आणि अक्षर न् अक्षर जुळवून.

मुलाखतीत ‘स्वतःबद्दल सांगा’ची तयारी सगळेच करतात. नोकरदाराला अडकवणारे प्रश्न वेगळे असतात. तुमच्या कंपनीची उलाढाल किती? नफा किती? सगळ्यात मोठा ग्राहक कोण? तुमच्या खात्यामुळे कंपनीचे किती पैसे वाचतात? दहा वर्षं नोकरी करून हे माहीत नसणारे ढिगाने असतात. मी त्यातलीच होते. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल तर वार्षिक अहवाल वाचून जा. नसेल तर अकाउंट्समधल्या माणसाला चहा पाजा.

पायरी ७: आत गेल्यावर

ग्रुप असाइनमेंटसाठी सोबती निवडताना हुशारीच्या आधी रेल्वे लाइन बघा. आमचा गट पाचही जणांचा सेंट्रलचा होता. निम्मी प्रेझेंटेशनं दादर ते डोंबिवली अशी झाली आहेत, रात्री ९:५० च्या सुमाराच्या गाडीत, जनरल डब्यात दाराजवळ उभं राहून. शेजारच्या गटात विरार, पनवेल आणि कर्जत होतं. त्यांची एकही मीटिंग कधी झाली नाही.

परीक्षा एप्रिलच्या आसपास आल्या की फायनान्सवाल्यांचे हाल बघवत नाहीत, कारण मार्चअखेर. त्यांनी रजा जानेवारीतच टाकावी. एखादा विषय राहिला तर एटीकेटी असते, म्हणजे पुढे जाऊन तो पेपर पुन्हा देता येतो, लाज वाटून सोडून देऊ नये. माझा संख्याशास्त्राचा पेपर राहिला होता.

सगळ्यात कामाचं म्हणजे प्रत्येक विषय आपल्या टेबलावर आणून बघायचा. एक उदाहरण देते, कारण त्या एका संध्याकाळीच फी वसूल झाली असं मी मानते. मी खरेदी खात्यात. रबाळ्याच्या एका पुरवठादाराला मी ४५ दिवसांच्या उधारीवरून ९० दिवसांवर ढकललं होतं आणि वर्षअखेरीस त्याबद्दल माझं कौतुक झालं होतं. खेळत्या भांडवलाच्या तासाला सरांनी फळ्यावर दोन रकाने काढले, घेणाऱ्याचा आणि देणाऱ्याचा. मी वहीत माझेच आकडे घातले. दहा लाखांचा माल, ४५ दिवस जादा. आमची कंपनी बँकेकडून ९ टक्क्यांनी उचलायची, म्हणजे एवढ्या दिवसांचं आमचं व्याज वाचलं साधारण ११,१००. पुरवठादार उचलायचा १४ टक्क्यांनी. त्याला तेवढ्याच दिवसांचा भुर्दंड १७,२६०. तो काही धर्मादाय करायला बसला नव्हता, त्याने पुढच्या दरात तो चढवला होता. दरवाढ मी स्टीलच्या भावावर ढकलली होती. म्हणजे अकरा हजार वाचवायला आम्ही सतरा हजार मोजत होतो, आणि टाळ्या मला.

दुसऱ्या दिवशी मी त्याला फोन करून विचारलं, पंचेचाळीस दिवसांत पैसे दिले तर दर किती? तो आधी गप्पच झाला. मग म्हणाला, ‘ताई, दीड टक्का कमी करतो, पण लिहून द्या.’ लहान उद्योगाचे पैसे ४५ दिवसांपलीकडे अडकवणं २००६ च्या कायद्यातच बसत नाही, हे मला त्याच्याही नंतरच्या सत्रात, कायद्याच्या तासाला कळलं. आमच्या खात्यात कोणाला पत्ताच नव्हता.

असं प्रत्येक विषयात एकदा तरी घडवून आणा. घडत नसेल तर सरांना तास संपल्यावर आपला आकडा दाखवा. अर्धवेळच्या वर्गाला शिकवणाऱ्यांना नेमकं हेच आवडतं.

पहिल्या वर्गाच्या आधीच्या रविवारी करायची कामं थोडी आहेत. साधा कॅल्क्युलेटर घ्या, परीक्षेत मोबाइल चालत नाही. डब्याला दुसरा, संध्याकाळचा, छोटा डबा जोडा. रोज वडापाव खाऊन दुसऱ्या महिन्यात ॲसिडिटी होते. आणि लोकलचा पास ऑफिसपर्यंतचाच असेल तर कॉलेजच्या स्टेशनापर्यंतचा काढा, तिमाही काढलात तर स्वस्त पडतो. मी पहिल्याच दिवशी विसरले होते. दादरच्या पुलावर टीसीने धरलं, आणि त्या दिवशी वर्गात पोचायला सव्वासात झाले.